मॅटची वायर भिंतीत कुठे जाते? एका वर्कबेंचचं प्रकरण

४० बोर्डांची बॅच होती. डीसी मोटर चालवणारा छोटा कंट्रोलर, त्यात एक मायक्रोकंट्रोलर (बोर्डाचा मेंदू असलेली चिप), मोटरचा करंट चालू-बंद करणारे चार मॉसफेट आणि बाकी किरकोळ माल. असेंब्ली आम्हीच करायचो, मी आणि माझी ज्युनियर, दोन बेंच शेजारी शेजारी. बॅच संपत आली तेव्हा १० बोर्ड मेलेले होते आणि का ते दोघांनाही सांगता येत नव्हतं. काल मोटर नीट फिरवणारा बोर्ड आज पॉवर दिली की मोटर सुसाट सोडायचा, थांबायचाच नाही. मॉसफेट काढून मीटरवर धरला की गेट (चालू-बंद करणारी पिन) आणि सोर्स (ज्यातून करंट वाहतो त्यातली एक पिन) यांच्या मधे ओपन दिसायला हवं तिथे ४०० ओहम, एकात तर ३० ओहम. म्हणजे गेटचा ऑक्साइड, गेटला बाकी मॉसफेटपासून वेगळा ठेवणारा थर, फुटलेला. हा थर नॅनोमीटरमध्ये मोजावा इतका पातळ असतो आणि बहुतेक पॉवर मॉसफेटच्या डेटाशीटमध्ये गेटला जास्तीत जास्त २० व्होल्ट लिहिलेले असतात. त्याच्या फार वर गेलं की फुटतो आणि एकदा फुटला की परत जुळत नाही.

पहिला संशय अर्थातच मालावर. दुसऱ्या ठिकाणाहून नवीन मॉसफेट मागवले, तेही तसेच गेले. मग कोरडे दिवस होते म्हणून स्टॅटिकचा, म्हणजे घर्षणाने साठणाऱ्या विजेचा, विषय निघाला. खोलीतली आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास होती आणि बऱ्याच ठिकाणी छापला जाणारा एक जुना तक्ता सांगतो की व्हिनाइलच्या फरशीवर नुसतं चाललं तरी १० ते २५ टक्के आर्द्रतेत अंगावर १२,००० व्होल्टपर्यंत चार्ज साठू शकतो, तेच ६५ ते ९० टक्क्यांत २५० व्होल्ट. पण आमच्याकडे चार्ज अर्थमध्ये उतरवणारी अँटिस्टॅटिक मॅट होती, त्याचसाठी मनगटाला बांधायचा रिस्ट स्ट्रॅप होता, दोन्हीच्या वायरी एक्स्टेन्शन बोर्डाच्या अर्थला नेलेल्या होत्या आणि मीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक प्रोब मॅटच्या स्नॅपला आणि दुसरा एक्स्टेन्शनच्या अर्थच्या भोकात घातला की बझर खणखणीत वाजत होता. म्हणून स्टॅटिक नाही असं धरलं आणि पुढचा एक आठवडा फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या प्रोग्राममध्ये, घालवला. तो आठवडा अजून खटकतो, कारण उत्तर त्या बझरच्या पलीकडे हातभर अंतरावर होतं आणि तिथे आम्ही मोजलंच नव्हतं.

सुटका झाली ती जॉब कार्डांमुळे. प्रत्येक बोर्डावर काय काय केलं ते ज्युनियर लिहून ठेवते, मी कंटाळा करतो पण ती करत नाही. ४० कार्डं टेबलावर पसरून बसलो. १५ बोर्डांवर गेटचा रेझिस्टर बदलला होता, स्विचिंगला रिंगिंग (व्होल्टेजची थरथर) दिसत होतं म्हणून २२ ओहम काढून ४७ टाकला होता. त्या १५ पैकी ८ मेलेले. उरलेल्या २५ पैकी फक्त २, आणि त्या दोनात मॉसफेट शाबूत होते, मायक्रोकंट्रोलरची एक एक इनपुट पिन गेली होती. म्हणजे इथे दोन वेगळे आजार होते आणि आम्ही एकच समजून औषध शोधत होतो.

मी विचारलं, रेझिस्टर बदलताना नेमकं काय करतेस, एकदा करून दाखव. तिने बोर्ड मॅटवर ठेवला, स्कोपच्या (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या) प्रोबची क्रोकोडाइल क्लिप बोर्डाच्या ग्राउंडला होतीच ती तशीच ठेवली कारण बदलून झालं की लगेच वेव्हफॉर्म बघायचा असतो, सप्लाय बंद केला आणि सोल्डरिंग आयर्नचं टोक पॅडला लावलं. "दादा, कधी कधी टोक लागताना बारीक टिक असं होतं, मला वाटायचं फ्लक्स आहे." सप्लाय बंद असताना टिक होण्याचं काही कारणच नाही. आणि मग तीच म्हणाली, "कॉम्प्युटरच्या पत्र्याला मनगटाची मागची बाजू घासली की झिणझिणतं, तुम्हाला नाही होत?" मला होत होतं. वर्षभर होत होतं, पण सवय झाली होती.

मीटर एसी व्होल्टवर टाकला. एक्स्टेन्शन बोर्डावर फेज ते न्यूट्रल २३१ व्होल्ट. फेज ते अर्थ ११८. न्यूट्रल ते अर्थ ११३. हे आकडे बघून ज्याला कळायचं त्याला लगेच कळतं. अर्थ जमिनीला नीट जोडलेला असेल तर फेज ते अर्थ जवळपास पूर्ण २३० आणि न्यूट्रल ते अर्थ एखाद दोन व्होल्ट यायला हवेत. निम्मे निम्मे आले म्हणजे तो अर्थ कुठेच जोडलेला नाही, हवेत लटकतोय. भिंतीतलं सॉकेट तीन भोकांचं होतं, तिसऱ्या भोकाला मागे काही जोडलेलं नव्हतं एवढंच.

आता निम्मेच का, हे जरा सविस्तर सांगतो कारण सगळं प्रकरण यात आहे. कॉम्प्युटर, स्कोप, बेंच सप्लाय, यांच्या पॉवर सप्लायच्या तोंडाशी नॉइज गाळायला एक फिल्टर असतो. त्यात फेजपासून अर्थला एक आणि न्यूट्रलपासून अर्थला एक असे दोन छोटे कपॅसिटर असतात, त्यांना वाय कपॅसिटर म्हणतात, सहसा २ ते ५ नॅनोफॅरडचे. अर्थ नीट असेल तर त्यातून थोडा लीकेज करंट जमिनीत जातो, कोणाला कळत पण नाही. अर्थ तुटला की हेच दोन कपॅसिटर व्होल्टेज डिव्हायडर बनतात आणि मधला बिंदू म्हणजे उपकरणाचा पत्रा निम्म्या मेन्सवर जाऊन बसतो. आमच्या एक्स्टेन्शनवर अशी तीन उपकरणं होती, तिघांचे पत्रे त्या मेलेल्या अर्थने एकमेकांना जोडलेले, आणि त्याच अर्थला आम्ही मॅट आणि रिस्ट स्ट्रॅप जोडला होता. म्हणजे बोर्ड वाचवायला अंथरलेली मॅट ११३ व्होल्ट एसीवर होती, मनगटाला पट्टा लावलेली ज्युनियर ११३ व्होल्टवर होती, आणि स्कोपची क्लिप लावलेला बोर्डही.

आता कोणी विचारेल, सगळेच एका व्होल्टेजवर असतील तर बिघडलं कुठे? बरोबर आहे, पक्षी तारेवर बसतो तसं. जोवर सगळं एकत्र वर-खाली होतंय तोवर मॉसफेटला काही कळत नाही. पण सोल्डरिंग स्टेशनची वायर आखूड होती, म्हणून ते दुसऱ्या भिंतीवरच्या सॉकेटला लावलेलं होतं आणि त्या सॉकेटचा अर्थ खरा होता. चांगल्या स्टेशनमध्ये टोक अर्थ केलेलं असतं. म्हणजे टोक शून्यावर आणि बोर्ड ११३ वर, पीक (एसीच्या लाटेचं शिखर) धरलं तर १६० व्होल्ट. टोक गेटच्या पॅडला लागलं की तिन्ही उपकरणांच्या फिल्टरमधला चार्ज स्कोपच्या क्लिपमधून बोर्डाच्या ग्राउंडला, तिथून सोर्स, आणि सोर्सकडून गेटचा ऑक्साइड पार करून टोकात. २० व्होल्टच्या गेटवर १६० व्होल्ट. तीच ती टिक.

गेटला १० किलोओहमचा पुलडाउन, म्हणजे गेटचं व्होल्टेज खाली ओढून ठेवणारा रेझिस्टर, होता, मग तो का नाही वाचवू शकला असं मलाही आधी वाटलं. लीकेज करंट आम्ही मीटरने मोजला तो ०.९ मिलिअँपिअर, १० किलोओहमवर त्याचे ९ व्होल्ट होतात, तेवढे गेट आरामात सोसतं. पण ते स्थिर झाल्यावरचं गणित झालं. टोक लागतं त्या क्षणी आधीच भरून बसलेले कपॅसिटर एकदम रिकामे होतात आणि गेटवर व्होल्टेज चढायला लागणारा वेळ इतका कमी असतो की पुलडाउनला काही करायला सवडच मिळत नाही.

एक हिशोब करून बघितला, मला तो फार बोलका वाटतो. माणसाचं शरीर स्टॅटिकच्या हिशोबात १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि सोबत १५०० ओहम असं धरतात. आपल्याला झटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात, तेव्हा शरीरात साठलेली ऊर्जा ०.४५ मिलिजूल. आमच्या तीन उपकरणांचे वाय कपॅसिटर मिळून अंदाजे २८ नॅनोफॅरड, पीक १६० व्होल्टला ०.३६ मिलिजूल. म्हणजे बोटातून ठिणगी उडावी जवळपास तेवढीच ऊर्जा, फक्त मधे १५०० ओहमचं शरीर नाही, सरळ धातूतून धातूत.

काटेकोर बोलायचं तर हे स्टॅटिक डिस्चार्ज नव्हेच, याला इलेक्ट्रिकल ओव्हरस्ट्रेस म्हणतात. पण मेलेला मॉसफेट हातात घेतला तर दोन्ही सारखेच दिसतात, आणि कोरडे दिवस असले की सगळं खापर स्टॅटिकवर फुटतं. म्हणून मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं. मॅट आणली, पट्टा बांधला, बझर वाजला, एवढ्यावर लोक निर्धास्त होतात, आम्हीही होतो. बझरने फक्त एवढं सांगितलं की मॅट अर्थच्या भोकाला जोडलेली आहे. भोक कशाला जोडलेलं आहे हे त्याने सांगितलं नव्हतं.

वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी सॉकेट उघडलं, हिरवी वायर होती, टर्मिनलच्या स्क्रूमधून सुटून मागे दुमडलेली. कधी सुटली कोण जाणे. त्यांनी ती साफ करून परत बसवली आणि लूप टेस्टर लावून दाखवला, ०.६ ओहम. मी म्हटलं मीटरवर आता न्यूट्रल ते अर्थ ०.८ व्होल्ट येतंय मग टेस्टर कशाला, तर काका म्हणाले, "मीटर करंट ओढत नाही हो, एक तार धरून लटकत असेल तरी तुमचा मीटर बरोबरच दाखवणार." हे मला माहीत असायला हवं होतं. नुसत्या व्होल्टेजवरून अर्थ दमदार आहे हे कळत नाही, करंट सोडूनच कळतं, आणि ते काम लायसन्सवाल्याचं आहे, आपण बेंचवर बसून मेन्सशी करायचं नाही. आणि अर्थ सापडत नाही म्हणून मॅट न्यूट्रलला जोडणं हा तर जिवाशी खेळ आहे, न्यूट्रल कुठे तुटला तर तीच वायर फेज होते.

जिवाचा विषय निघालाच आहे तर रिस्ट स्ट्रॅपमधला १ मेगाओहम. तो रेझिस्टर पट्टा घालणाऱ्यासाठी असतो. २३० व्होल्ट कुठून अर्थवर आले तरी त्यातून ०.२३ मिलिअँपिअरच्या वर करंट जात नाही, तेवढा बहुतेकांना जाणवतही नाही. काही जण म्हणतात रेझिस्टर काढून सरळ तांब्याची वायर लावली तर अर्थिंग आणखी चांगलं होईल. अजिबात करू नका. शरीराचे १०० पिकोफॅरड १ मेगाओहममधून रिकामे व्हायला काही शे मायक्रोसेकंद लागतात, माणसाच्या हालचालीपुढे ते काहीच नाही, म्हणजे रेझिस्टर काढून मिळत काही नाही आणि जातो तो जीव. आमच्या बेंचवर जे वर्षभर चालू होतं त्यात एखाद्या उपकरणाचा फेज पत्र्याला टेकला असता तर मॅट, पट्टा, सगळं २३० वर गेलं असतं, आणि त्या वेळी ज्युनियर आणि मेन्सच्या मधे तो एक रेझिस्टर होता. बिनवायरचे रिस्ट स्ट्रॅप मिळतात त्यांच्याबद्दल एकच वाक्य: चार्ज जायला वाट नसेल तर तो जात नाही, ते घेऊ नका.

मग बेंच नव्याने लावलं. तांब्याची एक छोटी पट्टी बेंचखाली बसवली, तिला सगळं आणून जोडलं, दोन्ही मॅट वेगवेगळ्या वायरने, दोन्ही पट्ट्यांचे जॅक वेगवेगळ्या वायरने, आणि पट्टीपासून एकच जाड वायर अर्थला. आधी माझी मॅट तिच्या मॅटला आणि तिची अर्थला अशी साखळी होती, मधला स्नॅप निघाला की माझं बेंच उघडं पडलं असतं आणि मला कळलंही नसतं. सोल्डरिंग स्टेशनला लांब वायर करून त्याच एक्स्टेन्शनवर आणलं, आता कॉम्प्युटर, स्कोप, सप्लाय, आयर्न सगळ्यांचा अर्थ एकाच सॉकेटमधून येतो. उद्या परत तो अर्थ सुटला तरी निदान टोक आणि बोर्ड एकाच व्होल्टेजवर राहतील. हा बदल मला खुद्द अर्थ दुरुस्त करण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. गरम टोकापासून पट्टीपर्यंत मोजलं, १.२ ओहम. टोकावर काळा थर चढला की हा आकडा वाढतो, म्हणून टोक बदललं की परत मोजायचं.

मॅटचं मोजताना एक गोंधळ झाला. साधा मीटर मॅटवर ठेवला तर ओव्हररेंज, म्हणजे मॅट खराब वाटते. तसं नसतं. मॅटचा वरचा थर मुद्दाम जास्त रेझिस्टन्सचा असतो, चार्ज हळू उतरावा म्हणून, आणि साधा मीटर ४० किंवा ६० मेगाओहमच्या पुढे बघू शकत नाही, त्यात प्रोबचं टोक सुईसारखं, पकडच नीट नाही. मोजायची पद्धत म्हणजे साधारण सव्वादोन किलोचं, ६३.५ मिलिमीटर व्यासाचं वजन मॅटवर ठेवायचं आणि १० किंवा १०० व्होल्टच्या टेस्टरने अर्थपर्यंतचा रेझिस्टन्स बघायचा. १ गिगाओहमच्या खाली हवा. ओळखीच्यांकडून टेस्टर आणला, १०० व्होल्टवर ३० मेगाओहम आलं, मॅट उत्तम होती. बिचारी पहिल्यापासून उत्तमच होती.

रिस्ट स्ट्रॅप माणसासकट मोजायचा, ३५ मेगाओहमच्या आत. ज्युनियरचा आकडा सकाळी सकाळी वर जायचा, तिची त्वचा कोरडी आहे आणि पट्टा सैल बांधायची सवय. घट्ट केला, आतून धातूची पट्टी असलेला घेतला, उतरला. माझ्या पट्ट्याची वायर स्नॅपपाशी आतून तुटत आली होती, हात वळवला की टेस्टरचा दिवा लाल. बाहेरून वायर अगदी नवीन दिसत होती.

एवढं करून आठ बोर्डांच्या मॉसफेटचा हिशोब लागला. उरल्या दोन इनपुट पिना. त्या दोन्ही बोर्डांवर रेझिस्टर बदललेला नव्हता, स्कोपला लागलेच नव्हते, आयर्न नंतर टेकलंच नव्हतं. कार्डावर दोघांच्याही पुढे लिहिलेलं, कॉन्फॉर्मल कोटिंग, टेप काढली. हे कोटिंग म्हणजे बोर्डावर द्यायचा संरक्षक थर, तो कनेक्टरवर जाऊ नये म्हणून पिवळी पॉलिइमाइड टेप लावतो आणि सुकल्यावर सर्रकन ओढून काढतो. टेप उलगडताना आणि ओढताना हजारो व्होल्ट तयार होतात, आणि ही टेप इन्सुलेटर, तिला अर्थ केलं तरी चार्ज तिथेच बसून राहतो, कारण इन्सुलेटरमधून तो हलतच नाही. वर तो बोर्ड मॅटवर नव्हता, सुकायला म्हणून थर्मोकोलच्या झाकणावर ठेवला होता, म्हणजे खालूनही इन्सुलेटर. हे मात्र खरं स्टॅटिक, पुस्तकातलं. आणि इथे पट्ट्याचा, मॅटचा, दुरुस्त केलेल्या अर्थचा काहीही उपयोग नव्हता, तिथे सगळं बरोबर असतं तरी त्या पिना गेल्याच असत्या.

त्यासाठी बेंचवर एक छोटा आयोनायझर ठेवला, तो दोन्ही प्रकारचे आयन सोडतो आणि इन्सुलेटरवरचा चार्ज हवेतूनच फेडतो. त्याचा बॅलन्स बिघडला तर तोच चार्ज चढवायला लागतो, म्हणून तपासावा लागतो. टेप आता हळू ओढतो, आयोनायझरसमोर, बोर्ड मॅटवर ठेवून. थर्मोकोल खोलीतून गेला, बबल रॅप गेलं, प्लॅस्टिकचा टेप स्टँड बेंचवरून उचलून ३० सेंटिमीटरच्या पलीकडे ठेवला. तयार बोर्ड आधी गुलाबी पिशवीत जायचे. गुलाबी पिशवी स्वतः फारसा चार्ज तयार करत नाही एवढंच, बाहेरून आलेला डिस्चार्ज ती अडवत नाही, त्याला चंदेरी शील्डिंग पिशवी लागते, आणि बोर्ड पिशवीच्या आत हवा. पिशवीवर बोर्ड ठेवून काम करणारे मी खूप बघितलेत, मी स्वतः कित्येक वर्षं केलंय.

पुढची बॅच ३० बोर्डांची झाली. ११ बोर्डांवर गेटचा रेझिस्टर बदलला, क्लिप लावलेलीच ठेवून, ज्युनियरने मुद्दाम तसंच केलं. एकही मॉसफेट गेला नाही, टिक आवाज एकदाही नाही.

सॉकेटशेजारी आता एक कागद लावलाय आणि त्यावर रोज सकाळी पहिला येईल त्याने आकडे लिहायचे. आजचे: फेज ते अर्थ २३०, न्यूट्रल ते अर्थ ०.९, माझा पट्टा १.४ मेगाओहम, तिचा ३.१. मॅट महिन्यातून एकदा. आर्द्रतेचा रकाना तिने स्वतःहून वाढवलाय, आज तिथे ३४ टक्के लिहिलंय.